मृग कोण, शिकारी कोण?

आमच्या इब्र्यातल्या मराठी घरांत एकाच नक्षत्राला तीन नावं ऐकू येतात. मुलांच्या इंग्रजी पुस्तकात तो ‘ओरायन’ असतो, गल्लीतल्या ओमानी आजोबांच्या बोलण्यात ती ‘अल-जौझा’ असते, आणि भारतातून दोन महिन्यांसाठी आलेली आजी गच्चीवर जाऊन बोट दाखवते ते ‘मृगा’कडे. तारे तेच. मधोमध एका ओळीत तीन, एका अंगाला तांबूस, दुसऱ्या अंगाला निळसर-पांढरा. डिसेंबरात संध्याकाळ सरली की पूर्वेच्या डोंगरामागून हे सगळं लटांबर वर येतं, आणि मस्कतच्या झगमगाटात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हेवा वाटावा इतकं स्वच्छ दिसतं.

नावं तीन असती तर बिघडलं नसतं. पंचाईत अशी की गोष्टीही तीन आहेत, आणि त्या एकमेकींशी भांडतात.

ग्रीकांचा ओरायन हा धिप्पाड शिकारी. कमरेला पट्टा, पट्ट्याला तलवार, मागे इमानी कुत्रा. तो कुत्रा म्हणजे आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, सिरियस. शिकाऱ्याला विंचवाने मारलं, म्हणून विंचू उगवायला लागला की ओरायन मावळतो. दोघे एका वेळी आकाशात थांबत नाहीत. ही गोष्ट मुलं शाळेतून ऐकून येतात आणि त्यांना ती आवडते. आता आपली गोष्ट घ्या. आपल्याकडे जो शिकारी आहे तो ग्रीकांचा कुत्रा! सिरियस म्हणजे आपला व्याध. आणि ग्रीकांचा जो शिकारी तो आपल्याकडे शिकार झालेला मृग. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार खूर, आणि मधले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. ऐतरेय ब्राह्मणात ही कथा आहे. प्रजापतीने हरणाचं रूप घेऊन आपल्याच मुलीचा, रोहिणीचा, पाठलाग केला. देवांना ते सहन झालं नाही. त्यांनी रुद्राला उभं केलं आणि त्याने तीन पेरांचा बाण सोडला. रोहिणी पुढे, मृग मागे, व्याध त्याच्याही मागे. आजही रात्रभर ही मंडळी याच क्रमाने पश्चिमेला सरकत असतात. मुलांना ही गोष्ट सांगताना प्रजापतीच्या वागण्याशी आपण जरा अडखळतो हे खरं, पण ग्रीक देवांची वागणूकही काही शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगण्याजोगी नसते.

तिसरी गोष्ट अरबांची. त्यांची जौझा ही बाई. तिचं लग्न सुहैलशी झालं, काही अघटित घडलं, तिचा जीव गेला, आणि सुहैल जो दक्षिणेला पळाला तो अजून क्षितिजाजवळ तोंड लपवून फिरतोय. त्याच्या दोन बहिणी, दोघींचं नाव शिअरा. एक आकाशगंगा ओलांडून भावामागे गेली. तिला ‘अल-अबूर’, म्हणजे पार गेलेली, म्हणतात. तीच सिरियस, तोच आपला व्याध. दुसरी अलीकडच्या तीरावरच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिपडले. तिला ‘अल-घुमैसा’ म्हणतात. तिचा उजेड खरोखरच बहिणीपेक्षा मंद आहे. म्हणजे एकच तारा एकीकडे कुत्रा, एकीकडे शिकारी, एकीकडे बहीण.

आता मुलं ज्यांना ‘इंग्लिश नेम्स’ म्हणतात त्यांच्याकडे वळू. पुस्तकात ओरायनच्या चित्रावर नावं छापलेली असतात: बीटलज्यूस, रायजेल, अल्निटाक, अल्निलाम, मिंटाका. ग्रीक शिकाऱ्याच्या अंगावरची ही सगळीच्या सगळी नावं अरबी आहेत! रायजेल म्हणजे ‘रिज्ल’, पाय. बीटलज्यूस मुळात ‘यद अल-जौझा’, जौझाचा हात. अरबीत ‘य’ला खाली दोन नुक्ते आणि ‘ब’ला एक. युरोपातल्या कुणा लेखनिकाच्या नजरेतून एक नुक्ता निसटला आणि ‘यद’चं ‘बेद’ झालं. त्या चुकीवर आज जगभरची पुस्तकं छापली जातात. अल्निलाम म्हणजे ‘अन-निझाम’, ओवलेली माळ. हो, आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनी दचकू नये, हैदराबादच्या निजामाचा शब्द तोच; व्यवस्था, ओळीने लावणं हा त्याचा अर्थ. मिंटाका म्हणजे ‘मिंतका’, पट्टा. तोच शब्द अरबीत प्रदेशालाही वापरतात. २०११ साली उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होईपर्यंत आपला शर्किया सरकारदरबारी ‘मिंतका’च होता. म्हणजे ओरायनच्या कमरेचा शब्द इब्र्याच्या सरकारी पाट्यांवर होता आणि आपण तो रोज वाचत होतो.

एकदा नजर बसली की यादी थांबत नाही. अल्डेबरन, आपल्या रोहिणीचा तारा, म्हणजे ‘अद-दबरान’, मागून येणारा. कुणाच्या मागून? सुरय्याच्या. सुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका. जुन्या हिंदी सिनेमातल्या सुरैयाबाईंच्या नावाचा अर्थ ज्यांना माहीत नव्हता त्यांनी आता जरूर नोंदवावा. व्हेगा, आपला अभिजित, म्हणजे ‘अन-नस्र अल-वाकि’, झेप घेऊन खाली येणारं गिधाड; अल्टेअर, आपला श्रवण, म्हणजे ‘अत-ताइर’, उडणारं. डेनेब म्हणजे शेपूट. फोमलहॉट म्हणजे ‘फम अल-हूत’, माशाचं तोंड. आपल्या पुस्तकांत त्याला मीनास्य म्हणतात, अर्थ तोच. आणि अल्गोल म्हणजे ‘रास अल-घूल’, घूल नावाच्या हडळीचं डोकं. इंग्रजीतला ‘घूल’ याच अरबी शब्दावरून आला.

हे झालं कसं? दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने ग्रीकमध्ये ताऱ्यांची मोठी यादी केली. नवव्या शतकात बगदादमध्ये ती अरबीत आली. अस-सूफी या ज्योतिर्विदाने इ.स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला आणि ग्रीक आकृत्यांच्या शेजारी वाळवंटातल्या अरबांची जुनी नावंही मांडून ठेवली. पुढे बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये नेला. त्यामुळे युरोपाला आपलीच ग्रीक चित्रं परत मिळाली ती अंगावर अरबी नावं गोंदवून.

ग्रीक-रोमन देवांनी मात्र इंग्रजी भाषेत दुसऱ्या दारानं शिरून घर केलंय, आणि तिथून ते आपल्या मराठी बोलण्यातही आलेत. ‘अहो, पॅनिक होऊ नका’ म्हणताना आपण पॅन या शेळीच्या पायांच्या रानदेवाचं नाव घेतो. रानात अचानक भीतीने गाळण उडाली की ती त्याची करणी समजत. सकाळी मुलांच्या वाटीत पडणारं सीरियल हे सीरीस या धान्यदेवतेचं. म्हणजे आपली अन्नपूर्णाच, फक्त खोक्यात भरलेली. इस्पितळात नोकरी करणाऱ्या आपल्या भगिनी ज्या मॉर्फीनचा हिशेब कुलपात ठेवतात ते स्वप्नांच्या मॉर्फियसचं. व्होल्कॅनो व्हल्कन या लोहार देवाचा. एको ही हिमटी झालेली अप्सरा. ‘टँटलाइझ’मधला टँटलस गळ्याइतक्या पाण्यात उभा असून तहानलेला, ओठ टेकवायला गेला की पाणी खाली जातं. उन्हाळ्यात इब्र्याच्या कोरड्या वादीकडे पाहिलं की त्याची आठवण येते.

आपल्याकडेही हे चालतंच. कुंभकर्णी झोप, भीष्मप्रतिज्ञा, रामबाण उपाय, त्रिशंकू अवस्था, द्रौपदीची थाळी. पण जोड्या लावायला गेलं की फरक दिसतो, आणि आम्हाला तो फरकच जास्त मोलाचा वाटतो. इंग्रजीत अचाट काम म्हणजे हर्क्युलिसचं काम. तो मनगटाच्या जोरावर सिंह मारतो, तबेले धुतो. आपले भगीरथ प्रयत्न मात्र तपश्चर्येचे, पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहण्याचे. भाषांतराच्या वहीत मुलं एकासमोर दुसरं लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात, पण हर्क्युलिसला एवढं थांबायला सांगितलं असतं तर? अकिलीसच्या टाचेला जोड शोधायची तर दुर्योधनाची मांडी. तिकडे आईने बाळाला नदीत बुडवलं, धरलेली टाच कोरडी राहिली. इकडे गांधारीची नजर लंगोटीखाली पोचली नाही. (गांधारीची ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात सापडत नाही, ती लोकांनी रचली. पण टीव्हीवर पाहिलेल्या मुलांशी वाद घालण्यात अर्थ नाही.) ग्रहांच्या बाबतीत इंग्रजी जरा मऊ आहे. त्यांचा शनी माणसाला उदास, अबोल करून सोडतो, बस. आपला साडेसात वर्षं पाठ सोडत नाही, आणि मंगळ तर जुळत आलेलं लग्न मोडतो.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल आम्हाला खरोखर अभिमान वाटतो. पाश्चात्त्य तारकासमूहांना मराठी नावं देताना आपल्या जुन्या मंडळींनी नुसता शब्दाला शब्द ठेवला नाही. उत्तर आकाशात ग्रीकांचं एक कुटुंब आहे: राजा सीफियस, राणी कॅसिओपिया, त्यांची मुलगी अँड्रोमेडा आणि तिला सोडवणारा पर्सियस. राणीने रूपाचा तोरा मिरवला, समुद्रदेव कोपला, मुलीला राक्षसी माशापुढे खडकाला साखळ्यांनी बांधलं, पर्सियसने तिला वाचवलं आणि लग्न केलं. मराठी पुस्तकांत याच चौघांची नावं काय आहेत? वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाति! नातं बदललं, तिकडचे नवरा-बायको इकडे बाप-लेक झाले, तिकडच्या मायलेकी इकडे वैरिणी झाल्या. पण धागा सुटला नाही. तोरा आहे, संकटात सापडलेली मुलगी आहे. पर्सियसने खडकावरून सोडवली, ययातीने विहिरीतून हात धरून वर काढली. वि. स. खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ वाचलेल्या मराठी माणसाला आकाशाचा हा कोपरा समजायला ग्रीक येण्याची गरज नाही. देवयानीतली ती धूसर दीर्घिका इब्र्याबाहेर अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसते. अस-सूफीने ‘छोटा ढग’ म्हणून तिची नोंद आपल्या ग्रंथात केलेली आहे.

असाच दुसरा नमुना म्हणजे ‘प्रश्वा’. रडणारी घुमैसा, तिला ग्रीकांनी प्रोसियॉन म्हटलं. ‘प्रो’ म्हणजे आधी आणि ‘किऑन’ म्हणजे कुत्रा, सिरियसच्या आधी उगवणारा. आपल्या भाषांतरकाराने ‘प्र’ आणि ‘श्वा’ जोडले. उच्चार जवळचा, अर्थ तोच, आणि वर ‘किऑन’ व ‘श्वन्‌’ हे शब्द मुळात एकाच घरातले. याला म्हणतात भाषांतर!

सप्तर्षींची कथाही याच घरातली. ग्रीकांनी त्यात अस्वल पाहिलं, ‘आर्क्टोस’. कॅलिस्टो नावाच्या मुलीची अस्वल झाली ती हीच. त्यावरून उत्तर ध्रुवाकडचा सारा प्रदेश आर्क्टिक. संस्कृतात ऋक्ष म्हणजे अस्वल आणि ऋक्ष म्हणजे ताराही. शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्षच म्हणत. अरबांना त्यात तिरडी आणि तिच्यामागून चालणाऱ्या तीन मुली दिसल्या, ‘बनात नअश’. आणि विदर्भातल्या गोंडांना? म्हातारीची खाट आणि ती पळवायला टपलेले तीन चोर. तिरडी आणि खाट, मुली आणि चोर. चार आणि तीन हा हिशेब दोन्हीकडे एकच, पण एकीकडे रडू आहे, एकीकडे हसू.

ग्रीक नावाने एका मराठी माणसाला किती झपाटलं याचं उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळक. १८९३ साली त्यांनी ‘ओरायन’ नावाचाच इंग्रजी ग्रंथ काढला. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळापर्यंत वेदांचा उगम मागे जातो, असं त्यांनी गणिताने मांडलं. एवढंच नव्हे, तर ‘ओरायन’ हा शब्दही ‘आग्रयण’शी जोडला. ती व्युत्पत्ती भाषापंडितांनी उचलून धरली नाही, काळाच्या हिशेबावरही वाद झाले. पण राजकारण, वर्तमानपत्र, खटले या धबडग्यात हा माणूस ग्रीक शिकारी, यमाचे कुत्रे आणि प्रजापतीचा मृग यांची सांगड घालत बसला होता, हे आम्हाला फार विलक्षण वाटतं.

पण नावं पुस्तकांसाठी जन्माला आली नव्हती. ती कामाची होती. मृग लागला की पेरणी. ७-८ जूनला सूर्य मृगात शिरतो, आणि त्यामुळेच त्या दिवसांत मृग आकाशात दिसतच नाही, सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. आपला शेतकरी न दिसणाऱ्या ताऱ्याच्या नावाने बियाणं काढायचा. इथला शेतकरी दिसणाऱ्या ताऱ्यावर पाणी धरायचा.

इब्र्यातल्या खजुरांच्या बागांमधून फिरताना पायाशी झुळझुळणारा फलज आपण सगळ्यांनी पाहिलाय. डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून उतारानं आणलेलं पाणी. ओमानमधल्या पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलं. त्यात इब्र्याचा नाही, पण पद्धत तीच. पाणी सगळ्यांचं, म्हणून पाळी. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली मोजायची, रात्री तारे. अमुक तारा डोंगराच्या कड्यावर आला की तुमचं दारं बंद, शेजाऱ्याचं उघडं. कारभार पाहणाऱ्याला ‘वकील’ म्हणतात. शब्द आपल्याकडे कोर्टात गेला, इथे पाटावर राहिला. आपल्या धुळे-नाशकाकडच्या फडात पाटकरी जे काम करी तेच हे. रात्री दारं धरायला गेलेल्या कुणाही मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही.

हॅरिएट नॅश या संशोधक बाईंनी उत्तर ओमानच्या गावांत रात्री लोकांबरोबर बसून या ताऱ्यांची नोंद केली. त्यांचा पहिला मोठा लेख २००७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा अगदी मोजक्या गावांत ही पद्धत उरली होती. नावं गावागावाला वेगळी, पुस्तकी अरबीशी न जुळणारी. म्हणजे अस-सूफीच्या ग्रंथात ज्यांना जागा मिळाली ती नावं लंडनपर्यंत पोचली, आणि डोंगरापलीकडच्या वाडीत ज्यांच्यावर भाताची नव्हे, खजुराची पंक्ती अवलंबून होती ती त्या वाडीबाहेरही गेली नाहीत. आधी घड्याळं आली, मग विजेचे दिवे. घड्याळ अचूक आहे, भांडणं मिटवतं, म्हाताऱ्या माणसाला थंडीत जागायला लावत नाही. त्याला नावं ठेवण्याचा आमचा इरादा नाही. पण ज्या नावाने पाणी वळत नाही ते नाव नातवाला कोण शिकवणार? आमच्या गल्लीतले ते आजोबा म्हणतात, त्यांच्या वडिलांना येत होते त्यातले निम्मे तारे त्यांना येतात, आणि मुलाला फक्त सुहैल आणि सुरय्या.

आमचा हिशेब याहून बरा नाही. पंचांगातली सत्तावीस नावं आम्हाला घडाघडा म्हणता येतात, पण आकाशात बोट ठेवायचं तर पाच-सहाच. मुलांना तेवढीही येत नाहीत; त्यांना बीटलज्यूस येतो. त्यांचा दोष नाही, जे पुस्तकात आहे ते त्यांनी वाचलं. म्हणून इथल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवलंय की महिन्यातून एका अंधाऱ्या गुरुवारी रात्री मुलांना गावाबाहेर न्यायचं, आणि एक तारा तिन्ही नावांनी, तिन्ही गोष्टींसकट दाखवायचा. जमलं तर त्या आजोबांनाही बरोबर घ्यायचं. ते यायला तयार आहेत. अट एवढीच की कॉफी आम्ही त्यांच्या पद्धतीची, वेलदोडा घालून, न्यायची.

मस्कत, सूर, निझवाकडच्या मंडळींना यायचं असेल तर फेब्रुवारीचा मध्य धरा. रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. उंचावर व्याध दिसेल. तिथून नजर सरळ खाली आणली की क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढ्या उंचीवर, एक ठळक पांढरा तारा लागेल. तोच पळून गेलेला सुहैल. ग्रीकांचा कॅनोपस, मेनेलॉस राजाच्या गलबताचा सुकाणू धरणारा. आणि आपला अगस्ती, विंध्य ओलांडून गेला तो परत न आलेला. पुण्याहून तो आणखी चार अंश वर दिसतो. दक्षिणेला डोंगर आड येणार नाही अशी जागा निवडावी लागते, आणि ती आम्ही पाहून ठेवली आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो पहाटे आग्नेयेला पहिल्यांदा दिसतो. ओमानी म्हणतात आता उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं, आणि आपल्याकडे म्हणतात अगस्ती उगवला, आता नद्यांचं पाणी निवळेल. पण ऑगस्टात पहाटे चारला उठायला मुलं तयार होत नाहीत, म्हणून फेब्रुवारीच बरा. येताना दुर्बीण आणली नाही तरी चालेल, सतरंजी मात्र आणा. इथले खडे टोचतात.